भूकंपाने पृथ्वी किती हलते?

१९९३ सालच्या सप्टेंबर महिन्याची ३० तारीख. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या मिरवणुकीतून उशिरा परतलेली सारी मंडळी गाढ झोपेत होती. पहाटेचे चार वाजायला चार-पाच मिनिटे बाकी असताना आमच्या सोलापूरच्या घरात मांडणीवरचे पितळी डबे एकाएकी खडखडू लागले. मी तेव्हा सातवीत होतो. मांजर असेल असे वाटले. पण पाठोपाठ खाटही हलली आणि वडिलांनी आम्हां भावंडांना ओढतच अंगणात नेले. उजाडल्यावर रेडिओवर एका गावाचे नाव ऐकले. ते गाव आमच्यापासून काही तासांच्या वाटेवर असूनही आम्ही ते पूर्वी कधी ऐकले नव्हते. ते गाव म्हणजे किल्लारी.

ही हकीकत मी दरवर्षी अकरावीच्या वर्गात तरंगांचे प्रकरण शिकवताना सांगतो. अशाच एका तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, किल्लारीला भूकंप झाला तेव्हा सगळी पृथ्वी हलली का?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण या प्रश्नाचे उत्तर "होय" असे आहे. किती हलली, हे सांगायला थोडी वाट वाकडी करावी लागेल.

पृथ्वीचे कवच अखंड नाही. ते मोठमोठ्या भूपट्टांचे बनलेले आहे आणि हे पट्ट वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपली नखे वाढतात त्या वेगाने, सरकत असतात. जेथे दोन खडक एकमेकांना अडतात तेथे सरकणे थांबते. ताण मात्र वाढत राहतो. खडक वाकतो, वाकतो आणि शेवटी एखाद्या जुन्या भेगेवर, म्हणजे विभंगावर, सटकन घसरून मोकळा होतो. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर तेथील शेतांची सरळ कुंपणे मध्येच तुटून बाजूला सरकलेली दिसली. त्यावरून रीड या अमेरिकी शास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली. वाकवलेली पोलादी पट्टी सोडून दिली की ती जशी थरथरते, तसेच हे आहे. वर्षानुवर्षे साठलेली ऊर्जा काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत बाहेर पडते आणि तिचा एक भाग तरंगांच्या रूपाने चहूकडे निघतो.

हे तरंग किती दूर जातात? १८८९ सालच्या एप्रिलमध्ये जर्मनीत पॉट्सडॅम येथे फॉन रेबॉयर-पाश्विट्झ नावाचा एक तरुण संशोधक अतिशय नाजूक आडवे लंबक घेऊन वेगळेच काही मोजत होता. चंद्राच्या ओढीने जमीन किंचित कलते काय, हे त्याला पाहायचे होते. १७ तारखेच्या नोंदीत त्याला एक चमत्कारिक गडबड आढळली. पुढे एका नियतकालिकात त्याच दिवशी टोकिओला झालेल्या भूकंपाचा वृत्तांत त्याच्या वाचनात आला आणि वेळांचा मेळ बसला. जपानच्या जमिनीतून निघालेला हादरा पृथ्वीच्या पोटातून जर्मनीपर्यंत पोचला होता! दूरच्या भूकंपाची उपकरणावर ओळखली गेलेली ही पहिली नोंद होय.

यानंतरचा महत्त्वाचा दुवा आपल्या देशातला आहे. १२ जून १८९७ रोजी आसाम व शिलाँगच्या पठाराला फार मोठा भूकंप झाला. त्याचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील रिचर्ड ओल्डहॅम यांनी केला. युरोपातील भूकंपलेखकांवर उमटलेल्या नोंदी त्यांनी मिळवल्या, तेव्हा प्रत्येक नोंदीत तीन टप्पे स्पष्ट दिसले. आधी प्राथमिक तरंग येतात. ते ध्वनीसारखे अनुतरंग असून त्यांत खडकाचे कण तरंगाच्याच दिशेने पुढेमागे होतात. मागून दुय्यम तरंग येतात. ते दोरीला झटका दिल्यावर निघणाऱ्या लाटेसारखे अवतरंग होत. सर्वांत शेवटी, पण सर्वांत मोठे असे पृष्ठतरंग येतात. ते पृथ्वीच्या पाठीवरून प्रवास करतात. १९०६ साली याच ओल्डहॅमनी आणखी पुढची पायरी गाठली. पृथ्वीच्या फार खोल भागातून येणारे तरंग अपेक्षेपेक्षा उशिरा पोचतात, तेव्हा मध्यभागी काही निराळाच पदार्थ असला पाहिजे, असे त्यांनी दाखवून दिले. हाच पृथ्वीचा गाभा. तो सुमारे २९०० किलोमीटर खोलीवर सुरू होतो.

अवतरंग द्रवातून जाऊ शकत नाहीत, हे तुम्हांला ठाऊक आहे. द्रवाला आकाराचा आग्रह नसतो. तो आडवा ओढला तर परत फिरत नाही. दुय्यम तरंग गाभ्यातून पलीकडे जात नाहीत, यावरून गाभा द्रवरूप असल्याचे ठरले. पण डेन्मार्कच्या इंगे लेमान या बाईंना एक गोष्ट खटकत होती. १९२९ साली न्यूझीलंडमध्ये झालेल्या भूकंपाचे काही क्षीण प्राथमिक तरंग गाभ्याच्या 'सावलीत', म्हणजे जेथे ते पोचूच नयेत अशा ठिकाणी, नोंदले गेले होते. उपकरणाचा दोष म्हणून सोडून देता आले असते. बाईंनी ते सोडले नाही. द्रव गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गोळा आहे आणि त्यावरून हे तरंग परावर्तित होतात, असे त्यांनी १९३६ साली मांडले. माणसाने आजवर खणलेले सर्वांत खोल छिद्र सव्वाबारा किलोमीटरचे आहे. पृथ्वीच्या केंद्राचे अंतर ६३७१ किलोमीटर. म्हणजे आपण आंब्याची सालसुद्धा धड टोचलेली नाही. तरीही कोय कशी आहे हे आपल्याला कळले, ते भूकंपांमुळे.

येथवर आपण एकेका तरंगाचा प्रवास पाहिला. आता मला सर्वांत आवडणारा भाग सांगतो. देवळातील घंटेवर टोल दिला की टोलाचा हादरा घंटेच्या एका बाजूने दुसरीकडे जातो, परत येतो, स्वतःशीच मिसळतो. आणि क्षणार्धात सबंध घंटा आपल्या ठरावीक स्वरांत घुमू लागते. मग पृथ्वीच्या गोळ्यावर पुरेसा मोठा टोल बसला तर? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकापासून गणितज्ञांना पडला होता. पृथ्वीएवढा पोलादी गोळा असल्यास त्याच्या सर्वांत संथ कंपनाचा आवर्तनकाल सुमारे ६० मिनिटे येईल, असा हिशेब लव्ह या इंग्रज गणितज्ञाने १९११ साली केला. हिशेब झाला, पण टोल देणार कोण?

तो टोल २२ मे १९६० रोजी दक्षिण अमेरिकेतील चिली देशात बसला. उपकरणांनी नोंदलेला आजवरचा सर्वांत मोठा भूकंप तो हाच. त्याचे परिमाण ९.५ होते. किनाऱ्यालगत आठशे किलोमीटरहून लांब विभंग सरकला. त्यानंतर अनेक दिवस जगभरच्या संवेदनशील उपकरणांवर पृथ्वी घुमताना 'ऐकू' आली. सर्वांत संथ आंदोलनाचा काळ ५४ मिनिटे भरला. या आंदोलनात पृथ्वी एकदा पोळीच्या दाबलेल्या उंड्यासारखी चपटी, तर एकदा लिंबासारखी लांबट होते. अर्थात हा फरक डोळ्यांना दिसण्याजोगा नव्हे. दुसऱ्या एका प्रकारात सबंध गोळा श्वास घेतल्यासारखा फुगतो आणि आकसतो. तो काळ साडेवीस मिनिटांचा.

शाळेच्या प्रयोगशाळेतील नादकाट्यावर २५६ हा आकडा कोरलेला असतो. तो काटा सेकंदाला २५६ कंपने करतो, तर पृथ्वी ५४ मिनिटांत एक. प्रत्येक सप्तक खाली उतरताना वारंवारता निम्मी होते, हे ध्यानात घेऊन भागाकार करीत जा. पृथ्वीचा हा स्वर नादकाट्याच्या खाली जवळजवळ वीस सप्तके येतो. कोणत्याही गवयाच्या खर्जाला तेथे पोचता येणार नाही!

हा नुसता गमतीचा विषय नाही. घंटेच्या आवाजावरून कासे चांगले की भेसळीचे, हे जाणकार सांगतो. तसेच पृथ्वीच्या स्वरांवरून तिच्या आतील घनता आणि कठीणपणा काढता येतो. १९६४ सालच्या अलास्काच्या भूकंपाने उठलेले स्वर तपासून झिवॉन्स्की आणि गिल्बर्ट यांनी १९७१ साली दाखवले की, लेमानबाईंचा तो आतला गोळा घन आहे.

२६ डिसेंबर २००४ रोजी आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजण्याच्या सुमारास सुमात्रा-अंदमानचा भूकंप झाला. त्या वेळी जगभर उत्तम उपकरणे बसलेली होती. भेग सुमात्राच्या किनाऱ्याजवळ सुरू झाली आणि उत्तरेकडे अंदमानपर्यंत सुमारे १३०० किलोमीटर फाटत गेली. तेवढे फाटायलाच आठ-दहा मिनिटे लागली. त्याच्या पृष्ठतरंगांनी पृथ्वीच्या पाठीवरील कोणतीच जागा सोडली नाही. सर्वत्र जमीन निदान एक सेंटिमीटर तरी हलली. ती इतकी सावकाश हलली की, दूरच्या लोकांना पत्ताही लागला नाही. परंतु सुमारे ११,००० किलोमीटरवर अलास्कातील रँगल ज्वालामुखीखाली हे तरंग जात असताना तेथे १४ छोटे भूकंप झाले, तेही तरंगांच्या हेलकाव्यांशी ताल धरून. अमेरिकेतील व्हर्जिनियात एका विहिरीचे पाणी तीन फुटांपर्यंत खालीवर झाले. आणि पृथ्वीचा तो साडेवीस मिनिटांचा श्वास पुढे कित्येक आठवडे मोजता येत होता.

याच भूकंपानंतर वर्तमानपत्रांत मथळे आले होते : 'पृथ्वीचा आस सरकला', 'दिवस लहान झाला'. अनेकांना धास्ती वाटली. यात खरे किती ते पाहू.

फिरत्या खुर्चीवर बसून हात पसरून गिरकी घ्यावी आणि मग हात छातीशी घ्यावेत. गिरकीचा वेग वाढतो. कोनीय संवेग कायम राहतो. वस्तुमान आसाजवळ आले की निरूढी परिबल कमी होते आणि वेग वाढून भरपाई होते. मोठ्या भूकंपात एक पट्ट दुसऱ्याखाली घुसतो. त्यामुळे पुष्कळसे वस्तुमान किंचित केंद्राकडे जाते आणि पृथ्वीची गिरकी किंचित जलद होते. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील रिचर्ड ग्रॉस यांच्या गणितानुसार सुमात्राच्या भूकंपाने दिवस ६.८ मायक्रोसेकंदांनी लहान झाला असावा. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. हा फरक घड्याळांनी पकडलेला नाही, तो गणिताने काढलेला आहे, कारण दिवसाची लांबी मोजण्यातील त्या वेळची चूकच त्याहून मोठी होती.

हा आकडा नुसता वाचून सोडू नका. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. ६.८ मायक्रोसेकंदांना त्याने भागले तर सुमारे ८ भागिले १०,००० कोटी एवढा अपूर्णांक येतो. गोळ्याचे निरूढी परिबल त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून त्रिज्येतील बदल याच्या निम्मा धरा आणि ६३७१ किलोमीटरने गुणा. उत्तर येते पाव मिलिमीटर! म्हणजे सबंध पृथ्वी सारख्या प्रमाणात पाव मिलिमीटरने आकसली असती, तर दिवस तितकाच लहान झाला असता. जपानच्या ११ मार्च २०११च्या भूकंपासाठी ग्रॉस यांचा आकडा १.८ मायक्रोसेकंद आहे. त्याचे उदाहरण तुम्हीच सोडवा.

आणि धास्तीचे म्हणाल, तर ऋतूंप्रमाणे वारे बदलतात तेवढ्यानेसुद्धा दिवसाची लांबी मिलिसेकंदाच्या आसपास, म्हणजे याच्या शेकडो पटींनी, कमीजास्त होत असते. वाऱ्यामुळे दिवस लांबला, असा मथळा काही कोणी छापत नाही. आसाविषयीही असाच घोटाळा होतो. जपानच्या भूकंपाने जो आस सुमारे १७ सेंटिमीटर सरकला, तो आकाशात ध्रुवताऱ्याकडे रोखलेला आस नव्हे. पृथ्वीचे वस्तुमान ज्या रेषेभोवती तोललेले आहे ती रेषा सरकली. चाकावर चिखलाचा गोळा बसला तर चाकाचा तोल बदलतो, पण गाडीचा कणा जेथल्या तेथेच राहतो, तसे हे.

ग्रहाच्या हिशेबात या गोष्टी किरकोळ. जमिनीवर उतरले की चित्र बदलते. १६ जून १८१९ रोजी कच्छच्या रणात भूकंप झाला आणि सपाट खाजणातून सुमारे ८० किलोमीटर लांबीचा, काही मीटर उंचीचा एक बांध वर आला. त्याने सिंधू नदीचा एक जुना फाटा अडवला. दक्षिणेकडची जमीन खचून सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. तेथील लोकांनी या बांधाला नाव दिले 'अल्लाबंद'. माणसांनी बांधलेले बंधारे नदीवर होतेच. हा देवाने बांधलेला. १८२६ साली सिंधूला मोठा पूर आला तेव्हा पाण्याने तो फोडून वाट काढली. चार्ल्स लायेल यांनी आपल्या भूविज्ञानाच्या ग्रंथात या घटनेला जागा दिली, कारण डोंगरदऱ्या केवळ फार प्राचीन काळीच घडल्या असे नसून त्या आपल्या डोळ्यांदेखत घडतात, याचा हा पुरावाच होता.

२००४ साली असेच अंदमान-निकोबारात दिसले. भारताचे दक्षिण टोक असलेले इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खचले आणि दीपगृहाचा पाया समुद्रात गेला. उलट उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा वर उचलला जाऊन प्रवाळांचे खडक उघडे पडले व वाळून मेले. भूकंपांनी हिमालय उंच होतो असे आपण म्हणतो. पण २५ एप्रिल २०१५च्या नेपाळच्या भूकंपात काठमांडूचे खोरे जवळजवळ मीटरभर वर आले, तर त्याच्या उत्तरेकडची उंच शिखरांची रांग काहीशी खाली बसली. दोन मोठ्या भूकंपांच्या मधल्या काळात ती पुन्हा हळूहळू चढते. पर्वताचे वाढणे हे असे दोन पावले पुढे, एक पाऊल मागे चालते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. किल्लारीच्या भूकंपाचे परिमाण ६.२ होते. परिमाण एकाने वाढले की तरंगांतून बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोनने वाढले की हजार पट. या हिशेबाने चिलीचा भूकंप किल्लारीच्या जवळजवळ ९०,००० पट मोठा होता. त्याच्या तरंगांतली ऊर्जा विजेच्या युनिटांत मांडली तर ती सुमारे तीन लाख कोटी युनिटे भरते. सबंध भारत वर्षभरात इतकी वीज तयार करीत नाही. किल्लारीचे तरंगही जगभरच्या भूकंपलेखकांपर्यंत गेले. दहा हजार किलोमीटरवर जमीन किती हलली असेल, याचा सूत्रावरून मी अंदाज केला. तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास आला. इतकी हलली सगळी पृथ्वी, केसाच्या जाडीहूनही कमी.

हे फळ्यावर मांडून झाले तेव्हा त्याच मुलाने पुन्हा विचारले, "मग एवढ्याशा भूकंपात इतकी माणसे कशी गेली?"

चिलीत मृतांचा आकडा निरनिराळ्या नोंदींत एक हजार ते सहा हजारांच्या दरम्यान दिला जातो. किल्लारी आणि आसपासच्या गावांत आठ ते दहा हजार माणसे मेली. याचे उत्तर पृथ्वीच्या पोटात नाही, घरांच्या भिंतींत आहे. हादऱ्याचे केंद्र फार उथळ, काही किलोमीटरांवरच, आणि गावांच्या जवळजवळ खालीच होते. वेळ साखरझोपेची होती. आणि घरे माळवदाची होती. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, त्या चिखलात रचलेल्या. वर लाकडी खणांवर मातीचे जाड थर. उन्हाळ्यात ही घरे थंड राहतात, हे मी स्वतः अनुभवले आहे. परंतु अशा भिंतीचे खरे तर दोन पदर असतात, आतला आणि बाहेरचा, आणि मधे कपच्या व माती भरलेली असते. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसतील तर आडव्या हेलकाव्याने पदर एकमेकांपासून सुटतात, भिंत फुगून ढासळते आणि माळवदाची टनावारी माती खाली येते. मातीखाली श्वास कोंडतो. त्याच गावांतल्या कुडाच्या झोपड्या पुष्कळशा तशाच उभ्या होत्या.

भिंती अशा का बांधल्या, असे विचारणे सोपे आहे. पण त्या वेळच्या भारताच्या भूकंप-नकाशात किल्लारी पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. दख्खनचे पठार जुने आणि स्थिर, येथे भूकंप कसला, असे पुस्तकांतूनही शिकवले जाई. १९६७ साली कोयनेला भूकंप होऊन गेलेला असतानाही तो धरणाच्या जलाशयामुळे चाळवला गेला, म्हणून त्याचा विचार वेगळा केला जाई. किल्लारीनंतर हे नकाशे पुन्हा तपासले गेले आणि २००२ साली तो पहिला विभागच काढून टाकण्यात आला. आता भारताचा कोणताही भाग त्या खात्यात मोडत नाही.

सोलापूरच्या आमच्या जुन्या घरालाही माळवदच होते. त्या पहाटे डब्यांखेरीज काही पडले नाही. किल्लारीपासूनचे अंतर आणखी थोडे कमी असते तर काय झाले असते, हा हिशेब मी अजून वर्गात मांडलेला नाही. त्यासाठी भिंतीची जाडी, मातीचे वजन आणि जमिनीचा त्वरण एवढेच पुरते. अकरावीचे भौतिकशास्त्र आहे.